जुनी मॅन्युअल लेन्स, नवा कॅमेरा आणि शार्प न येणारे फोटो: दोष शोधायचा कसा

जुनी मॅन्युअल लेन्स हौसेने घ्यायची, अ‍ॅडॉप्टर लावून मिररलेसवर (आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यावर) चढवायची, पन्नासेक फोटो काढायचे आणि संगणकावर मोठे करून पाहिले की एकही धड शार्प नाही. मग लेन्स पुसायची, पुन्हा फोटो काढायचे, पुन्हा तेच. शेवटी ‘जुन्या काचेत दम नाही’ म्हणून लेन्स कपाटात जाते. ही तक्रार माझ्याकडे इतक्यांदा आली आहे की आता सगळं एकदाच नीट लिहून ठेवतो.

माझं मत आधी सांगतो. १९६० ते १९८५ या काळातली साधी ५० मिमी लेन्स, काच आतून स्वच्छ असेल तर, एफ/५.६ वर (एफचा आकडा मोठा तितकं अ‍ॅपर्चर, म्हणजे प्रकाशाचं छिद्र, लहान) २४ मेगापिक्सेलच्या सेन्सरला आरामात पुरते. तिथेही फोटो सॉफ्ट येत असेल तर दोष काचेत असण्याची शक्यता कमी. आधी लेन्स आणि सेन्सर यांच्यामधलं अंतर तपासा, मग कॅमेऱ्याला काय कळत नाही ते तपासा. नवी लेन्स कॅमेऱ्याला सगळं कळवत असते: फोकल लेंग्थ किती, अ‍ॅपर्चर किती, फोकस कुठे आहे. जुनी लेन्स कॅमेऱ्याशी एक अक्षर बोलत नाही, आणि बरेचसे घोटाळे तिथेच सुरू होतात.

आधी एकच गोष्ट बघा: फोटोत कुठेतरी धार आहे का?

कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवा. स्टॅबिलायझेशन बंद, आयएसओ सगळ्यात कमी, दोन सेकंदांचा टायमर. समोर खडीचा रस्ता, फरशी किंवा तिरकी दिसणारी लांब भिंत, म्हणजे जवळपासून लांबपर्यंत सलग बारीक पोत असलेलं काहीतरी असू द्या. मधल्या अंतरावर फोकस करून तीन फोटो काढा: पूर्ण उघड्या अ‍ॅपर्चरवर, एफ/४ वर आणि एफ/८ वर. मग ते शंभर टक्क्यांवर उघडून पुढून मागे सावकाश नजर फिरवा.

धारदार पट्टा सापडला, पण हव्या त्या जागेच्या पुढे किंवा मागे, तर फोकस चुकतोय. जवळचं शार्प आणि लांबचं काही केल्या शार्प होत नाही, तर अ‍ॅडॉप्टर. फ्रेमची एक बाजू चांगली आणि दुसरी वितळल्यासारखी, तर काहीतरी तिरकं बसलंय. कुठेच धार नाही आणि सगळ्यावर दुधट पडदा, तर काच किंवा आतलं परावर्तन. आणि ट्रायपॉडवर सगळं छान, हातात धरलं की रेघा ओढल्यासारखं, तर हलल्याचा दोष. अर्ध्या तासाची ही तपासणी न करता लेन्स उघडायला बसू नका. उघडून बिघडलेल्या चांगल्या लेन्स मी पाहिल्या आहेत.

फोकस हव्या त्या जागी लागत नाही

पीकिंगवर, म्हणजे शार्प कडा स्क्रीनवर रंगवून दाखवणाऱ्या सोयीवर, फार विसंबू नका. पीकिंग फोकस ओळखत नाही, ते कडांमधला फरक ओळखतं, आणि तेही स्क्रीनसाठी लहान केलेल्या चित्रात. त्यामुळे एफ/१.४ वर डोळ्याच्या पापण्या, भुवई आणि कपाळावरचे केस सगळेच रंगीत चमकतात, प्रत्यक्षात शार्प असतं त्यातलं एकच. पीकिंगने ढोबळ फोकस करा, मग मॅग्निफाय करून पक्का करा. मॅग्निफिकेशन एखाद्या बटणावर घेऊन ठेवलं की चार दिवसांत बोट आपोआप तिथे जातं.

किती बारीक काम आहे हे एका आकड्याने कळेल. फुल फ्रेमवर (३५ मिमी फिल्मएवढ्या सेन्सरवर) ५० मिमी, एफ/१.४, माणूस दीड मीटरवर. जुन्या हिशेबाने, म्हणजे सेन्सरवरचा ०.०३ मिमीचा ठिपका शार्प धरला तर, डेप्थ ऑफ फील्ड (पुढून मागे शार्प दिसणारा पट्टा) सुमारे साडेसात सेंटीमीटर निघते. पण तो हिशेब बेताच्या आकाराच्या प्रिंटसाठी होता. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेम सेन्सरचा पिक्सेल ०.००६ मिमीचा, म्हणजे त्या ठिपक्यात पाच पिक्सेल बसतात. शंभर टक्क्यांवर बघणाऱ्याच्या वाट्याला त्या साडेसातातले जेमतेम दीड सेंटीमीटर येतात. फोकस केल्यावर शटर दाबेपर्यंत तुम्ही श्वास सोडला तरी तेवढं शरीर पुढेमागे होतं. म्हणून अशा वेळी तीन-चार फोटो ओळीने काढावेत. त्यात काही कमीपणा नाही.

लेन्सवर कोरलेली डेप्थ ऑफ फील्डची पट्टीही याच जुन्या हिशेबाची असते. एफ/११ लावलं असेल तर पट्टीवरच्या ५.६ च्या खुणा धरा. म्हणजे दोन स्टॉप (अ‍ॅपर्चरच्या दोन पायऱ्या) राखून चाला. झोन फोकसिंगची (पट्टी बघून अंदाजाने फोकस लावण्याची) निम्मी रडगाणी तेवढ्याने थांबतात.

पुढचं कारण फारसं कोणाच्या लक्षात येत नाही: फोकस शिफ्ट. जुन्या वेगवान लेन्समध्ये स्फेरिकल अ‍ॅबरेशन (काचेच्या कडेची आणि मधली किरणं एका जागी न मिळण्याचा दोष) बरंच राहिलेलं असतं. त्यामुळे अ‍ॅपर्चर बंद करत गेलं की सर्वांत शार्प प्रतल थोडं सरकतं, बहुतेक वेळा मागे. एफ/१.४ वर डोळ्यावर फोकस केला, मग रिंग फिरवून एफ/२.८ केलं, की फोकस कानाकडे सरकलेला असतो. एफ/८ ला डेप्थ वाढते आणि दोष झाकला जातो, म्हणून मधल्या दोन-तीन स्टॉपवरच तो डोळ्यांत भरतो. उपाय सरळ आहे: ज्या अ‍ॅपर्चरवर फोटो काढायचा त्याच अ‍ॅपर्चरवर फोकस करा. मिररलेसमध्ये स्क्रीन स्वतः उजळते, त्यामुळे एफ/४ पर्यंत तर काहीच अडचण येत नाही.

डीएसएलआर (आत आरसा असलेला डिजिटल कॅमेरा) वापरत असाल तर व्ह्यूफाइंडरमधून उघड्या अ‍ॅपर्चरवर केलेला फोकस खरा मानू नका. ऑटोफोकसच्या काळातले फोकसिंग स्क्रीन उजेड जास्त दिसावा म्हणून बनवलेले असतात. ते साधारण एफ/२.५ ते २.८ पेक्षा मोठ्या अ‍ॅपर्चरचा धूसरपणा दाखवतच नाहीत. डोळ्याला सगळं शार्प दिसतं आणि फोटोत चुकतं. लाइव्ह व्ह्यूत मोठं करून फोकस करा आणि दोन्हींत फरक पडतो का ते बघा. पडत असेल तर तुमच्या डोळ्यांचा काही दोष नाही.

लांबचं शार्पच होत नाही

सगळ्यात जास्त लेन्स याच दोषापायी बदनाम होतात, म्हणून इथे थोडं सविस्तर लिहितो.

प्रत्येक माउंटचं (लेन्स जोडायच्या पद्धतीचं) एक ठरलेलं अंतर असतं: लेन्स जिथे टेकते तिथपासून फिल्म किंवा सेन्सरपर्यंत. एम४२ (धाग्याने फिरवून बसणारं जुनं माउंट) आणि पेंटॅक्स के यांचं ४५.४६ मिमी, निकॉन एफचं ४६.५, ऑलिंपस ओएमचं ४६, मिनोल्टा एमडीचं ४३.५, कॅनन एफडीचं ४२, लायका एमचं २७.८. मिररलेसमध्ये आरसाच नाही, म्हणून हे अंतर खूप कमी: सोनी ई १८ मिमी, कॅनन आरएफ २०, निकॉन झेड १६, फुजी एक्स १७.७. उरलेली जागा भरून काढणं एवढंच अ‍ॅडॉप्टरचं काम. एम४२ लेन्स सोनीवर लावायची तर अ‍ॅडॉप्टरची जाडी ४५.४६ उणे १८, म्हणजे २७.४६ मिमी असायला हवी. ना कमी, ना जास्त.

आता ती ०.१ मिमीने जास्त झाली तर? ०.१ मिमी म्हणजे छपाईच्या साध्या कागदाची जाडी. लेन्स सेन्सरपासून तेवढी लांब गेली की इन्फिनिटीच्या (अनंत अंतराच्या) खुणेवर ठेवूनही ती एका ठरावीक अंतराच्या पलीकडे फोकस करू शकत नाही. ते अंतर काढायला फोकल लेंग्थचा वर्ग करून त्याला वाढलेल्या जाडीने भागायचं. ५० मिमीसाठी २५०० भागिले ०.१, म्हणजे २५,००० मिमी, म्हणजे २५ मीटर. १३५ मिमीसाठी १८२ मीटर. आणि २८ मिमीसाठी? ७८४ भागिले ०.१, म्हणजे जेमतेम ८ मीटर.

हे गणित मला अनुभवातून शिकावं लागलं. माझ्याकडे एम४२ धाग्याची एक २८ मिमी लेन्स होती. खोलीत काढलेले फोटो सुरेख, बाहेर पडलो की डोंगर, झाडं, इमारती सगळं चरबट. एफ/८ केलं की निभायचं, एफ/४ वर अजिबात नाही. त्याच अ‍ॅडॉप्टरवर माझी ५० आणि १३५ चांगल्या चालत होत्या, म्हणून अ‍ॅडॉप्टरचा संशयच आला नाही. वर्षभर मी त्या लेन्सला नावं ठेवली. मग एका सुट्टीत डिजिटल व्हर्निअर घेऊन अ‍ॅडॉप्टर मोजला. जाडी २७.५८ भरली. ०.१२ मिमी जास्त. हिशेब केला तर २८ मिमीची धाव साडेसहा मीटरपर्यंत. १३५ ची दीडशे मीटरपर्यंत, आणि तितक्या लांबचं मी तिने कधी टिपलंच नव्हतं. ५० ने तर मी माणसांचेच फोटो काढायचो, तिला वीस मीटरच्या पलीकडे जायची वेळ येत नव्हती. दुसरा अ‍ॅडॉप्टर आणला, तो २७.४० भरला, आणि त्याच दिवशी संध्याकाळी त्याच लेन्सने एफ/४ वर समोरच्या टेकडीवरच्या झाडाच्या फांद्या एकेक सुट्या दिसल्या. लेन्स तीच होती. तिच्यावर इतके दिवस अन्याय झाला याचं मला खरंच वाईट वाटलं.

दुसरा अ‍ॅडॉप्टर ०.०६ मिमीने पातळ आहे, हे कदाचित लक्षात आलं असेल. बरेच अ‍ॅडॉप्टर मुद्दाम थोडे पातळ करतात, म्हणजे इन्फिनिटी हमखास मिळावी. मग होतं असं की खरी इन्फिनिटी रिंगच्या टोकाला न येता अलीकडेच येते. माझ्या २८ मिमीवर ती १३ मीटरच्या आसपास येते. ज्यांना सवय आहे की रिंग टोकाला नेली की लांबचं शार्प, त्यांचे सगळे निसर्गदृश्यांचे फोटो अशा अ‍ॅडॉप्टरवर थोडे थोडे चुकतात आणि कारण कळत नाही. टोकाला नेऊन सोडू नका. लांबची वस्तू मोठी करून फोकस करा आणि रिंगवर पेन्सिलने बारीक खूण करून ठेवा. काही मोठ्या टेलिफोटो लेन्स तर मूळचीच टोकाला इन्फिनिटीच्या पलीकडे जातात, कारण उन्हात तापल्यावर काच आणि धातू प्रसरण पावतात. तो दोष नव्हे.

पातळ अ‍ॅडॉप्टरचा खरा तोटा फ्लोटिंग एलिमेंट असलेल्या वाइड लेन्सना होतो. १९६७ सालच्या निकॉरच्या २४ मिमी एफ/२.८ पासून अशी रचना दिसू लागली: फोकस करताना आतले काचांचे गट वेगवेगळ्या वेगाने सरकतात, जवळच्या फोटोत कोपरे बिघडू नयेत म्हणून. अ‍ॅडॉप्टर पातळ असेल तर लांबचं शार्प करताना रिंग ‘जवळ’च्या बाजूला राहते, आणि आतले गट जवळच्या अंतरासाठी लावलेले असतात. मध्यभाग छान, कोपरे विस्कटलेले. दोष लेन्सवर येतो.

पातळ अ‍ॅडॉप्टर दुरुस्त करणं सोपं आहे. पुष्कळ अ‍ॅडॉप्टर दोन भागांचे असतात, स्क्रूने जोडलेले. मध्ये ०.०५ मिमीच्या पातळ पत्र्याची किंवा कॅप्टॉन टेपची चकती घालायची. टेप घालायचा तर पूर्ण वर्तुळभर, तुकडे तुकडे नव्हे, नाहीतर तिरकेपणा येतो. जाड अ‍ॅडॉप्टर घासून पातळ करण्याच्या भानगडीत पडू नका. हाताने घासलेला पृष्ठभाग सपाट राहत नाही आणि धातूची पूड सेन्सरवर जाते. सरळ बदला.

मोजायला व्हर्निअर नसेल तर आकाश आहे. तेजस्वी तारा घ्या, स्क्रीनवर पूर्ण मोठा करा आणि रिंग इन्फिनिटीकडे हळूहळू न्या. तारा लहान होत होत ठिपका झाला आणि त्यानंतर पुन्हा फुगू लागला, तर तुमची लेन्स इन्फिनिटी गाठून पुढे जाते. लहान होत होत रिंग टोकाला अडली, तर ती पोचत नाही. यासाठी समोरची इमारत घेऊ नका. ५० मिमीला एफ/१.४ वर, पिक्सेलच्या मापाने, तीनशे मीटरवरची वस्तूसुद्धा पुरेशी लांब नसते.

दोष अ‍ॅडॉप्टरचा की लेन्सचा हे ठरवायला दुसरी लेन्स त्याच अ‍ॅडॉप्टरवर लावा, पण वाइड लावा. टेलिफोटो लावून ‘चालतंय’ म्हणाल तर माझ्यासारखं वर्ष घालवाल.

डीएसएलआरवाल्यांसाठी इथेच एक सूचना. तिथे आरशामुळे मुळात जागाच कमी. कॅनन ईएफचं अंतर ४४ मिमी, त्यामुळे एम४२, निकॉन एफ, ऑलिंपस ओएम आरामात बसतात. एफडी ४२ आणि एमडी ४३.५ बसत नाहीत. निकॉनच्या डीएसएलआरचं अंतर ४६.५, म्हणजे एम४२ पेक्षा १.०४ मिमी जास्त. त्यावर नुसत्या रिंगने लावलेली एम४२ ची ५० मिमी अडीच मीटरच्याही आत अडकते. काच असलेले अ‍ॅडॉप्टर इन्फिनिटी देतात, पण ती काच बहुधा इतकी सुमार असते की लेन्सचा गुणच निघून जातो. अशी जोडी जमवू नका, एवढंच माझं सांगणं.

एक बाजू शार्प, दुसरी नाही

लांबची बारीक तपशील असलेली वस्तू आधी डाव्या कोपऱ्यात घ्या आणि मोठी करून फोकस करा. मग तीच उजव्या कोपऱ्यात घेऊन करा. दोन्ही वेळा रिंग वेगळ्या जागी थांबली तर फोकसचं प्रतल तिरकं आहे. मग लेन्स फिरवून बघायची. बऱ्याच एम४२ अ‍ॅडॉप्टरमध्ये आतली धाग्याची रिंग तीन बारीक स्क्रूंवर बसलेली असते. ते सैल करून रिंग पाव वळसा फिरवली की लेन्सही फिरते. खराब बाजू लेन्सबरोबर फिरली तर लेन्समधली एखादी काच सरकलेली आहे, बहुधा कधीतरी पडल्यामुळे. फ्रेममध्ये जिथल्या तिथे राहिली तर अ‍ॅडॉप्टर. व्हर्निअरने अ‍ॅडॉप्टर चार ठिकाणी मोजूनही हेच कळतं.

त्याआधी लेन्स हलकेच हलवून पाहा. खुळखुळत असेल तर अ‍ॅडॉप्टरचे मागचे स्क्रू सैल झालेले असतात. योग्य मापाच्या स्क्रूड्रायव्हरने आवळा. जड १३५ किंवा २०० मिमी लावून कॅमेरा पट्ट्याला लटकवत फिरणाऱ्यांना हे वरचेवर करावं लागतं. अशी लेन्स लावली की हात लेन्सखाली असू द्या.

रेंजफाइंडरच्या, म्हणजे लायका एमसारख्या आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांच्या, वाइड लेन्सची गोष्ट वेगळी. त्यांचा मागचा भाग सेन्सरच्या फार जवळ असतो आणि प्रकाश कोपऱ्यात फार तिरका पोचतो. सेन्सरवरच्या काचेच्या थरातून तो वाकडा होतो आणि दोन्हीकडचे कोपरे सारखेच चरबट दिसतात, कधी कडांना जांभळी झाकही येते. लायकाच्या एम कॅमेऱ्यांत हा थर १ मिमीहून पातळ ठेवलेला आहे, तो यासाठीच. इतर कॅमेऱ्यांवर अ‍ॅपर्चर बंद करून थोडं सुधारतं, पूर्ण नाही. एसएलआरच्या लेन्सना हा त्रास फारसा होत नाही.

ट्रायपॉडवर बरं, हातात बिघडतं

सेन्सर हलवून स्थिर करणाऱ्या कॅमेऱ्यात हा दोष हमखास भेटतो. किती हलवायचं हे फोकल लेंग्थवरून ठरतं आणि जुनी लेन्स ती सांगत नाही. मेनूत हाताने भरावी लागते. काल १३५ लावली, आकडा भरला, आज २८ लावली आणि आकडा तसाच राहिला, तर कॅमेरा जवळजवळ पाचपट जास्त भरपाई करतो आणि न हललेला फोटो हलवून ठेवतो. दुहेरी कडा किंवा बारीक रेघा दिसल्या की आधी हा आकडा बघा. लेन्सवर छापलेली फोकल लेंग्थच भरायची, क्रॉप सेन्सर (फुल फ्रेमपेक्षा लहान) असला तरी ५० ची ५०, ७५ नव्हे. ०.७१ चा फोकल रिड्यूसर (फोकल लेंग्थ कमी करणारी काच असलेला अ‍ॅडॉप्टर) लावला असेल तरच ५० च्या जागी ३५.

ऑटो आयएसओचंही असंच. लेन्स ओळखू येत नसल्याने पुष्कळ कॅमेरे कमीत कमी शटर १/६० वर सोडून देतात. ५० ला ते निसटतं चालतं, १३५ ला मुळीच नाही. किमान शटर स्पीड स्वतः बांधून द्या: ५० ला १/१२५, १३५ ला १/२५०. उजेड कमी असेल तर आयएसओ चढू द्या. नॉइज काढता येतो, हललेला फोटो सरळ करता येत नाही.

सगळ्यावर दुधट पडदा

उघड्या अ‍ॅपर्चरवरची मऊ आभा हा पुष्कळ जुन्या लेन्सचा स्वभाव आहे आणि अनेकजण त्या त्यासाठीच घेतात. एफ/४ ला ती गेली तर लेन्स ठीक आहे. एफ/८ लाही राहिली तर शोध घ्या.

खोलीत अंधार करा. लेन्सचं अ‍ॅपर्चर पूर्ण उघडा, मागून मोबाइलचा टॉर्च लावा आणि पुढून जरा तिरकं बघा. सुटे ठिपके म्हणजे धूळ, तिने काही बिघडत नाही. कोळिष्टकासारखे धागे म्हणजे बुरशी. सबंध काचेवर वाफ धरल्यासारखा थर म्हणजे हेझ, आणि कॉन्ट्रास्ट सगळ्यात जास्त खाते ती हीच. जुन्या ग्रीसमधलं तेल उडून अ‍ॅपर्चरच्या पात्यांजवळच्या काचांवर बसतं, त्यातून ती तयार होते. साध्या उजेडात लेन्स आरपार स्वच्छ दिसते, म्हणून विकत घेताना ‘काच क्लीन’ हे शब्द ऐकून थांबू नका, टॉर्च लावा. ताजी हेझ सफाईत पूर्ण निघते. बुरशी निघाली तरी तिने कोटिंग खाल्लेलं असेल तर त्याची नक्षी मागे राहते.

काच स्वच्छ आणि तरी मध्यभागी फिकट गोल डाग पडत असेल, विशेषतः एफ/११ च्या पुढे, तर अ‍ॅडॉप्टरच्या आत बघा. आतून चकचकीत असलेला अ‍ॅडॉप्टर सेन्सरवर उजेड उडवतो. आत काळा मखमली चिकट कागद लावा, कडा नीट दाबा, तंतू सुटत नाहीत ना ते बोटाने तपासा. दहा मिनिटांचं काम आहे, आणि काही लेन्सचा कॉन्ट्रास्ट एवढ्यानेच परत येतो. हूडही लावा.

लेन्सची काच चहासारखी पिवळी दिसत असेल तर ती घाण नव्हे. पेंटॅक्सच्या काही टाकुमार ५० मिमी एफ/१.४ मध्ये थोरियम असलेली काच आहे, ती वर्षानुवर्षांत पिवळी पडते. अतिनील एलईडी दिव्याखाली काही दिवस ठेवली की पिवळेपणा पुष्कळ उतरतो. उन्हातही उतरतो, पण उन्हात लेन्स एकटी सोडून जाऊ नका. किरण एकवटून खालचा कागद किंवा कापड पेटू शकतं.

काही किरकोळ अडचणी, पटकन

शटरच उडत नाही: मेनूत ‘रिलीज विदाउट लेन्स’ चालू करा. कॅमेऱ्याला वाटतं समोर लेन्सच नाही.

अ‍ॅपर्चर रिंग फिरते पण पाती मिटत नाहीत: एम४२ च्या ऑटो लेन्सच्या मागे एक पिन असते, ती दाबली गेल्याशिवाय पाती मिटत नाहीत. पिन दाबणारी कड असलेला अ‍ॅडॉप्टर घ्या, किंवा लेन्सवर ए-एम असं बटण असेल तर एमवर ठेवा. हेलिओस ४४-२ सारख्या प्रीसेट लेन्सवर दोन रिंगा असतात, एक मर्यादा ठरवते, दुसरी प्रत्यक्ष मिटवते. दोन्ही एफ/२ वर राहिल्या तर सगळे फोटो एफ/२ वरच येणार. उलटही घडतं: कड पिनला जास्त दाबते आणि इन्फिनिटीजवळ रिंग अडकते. काही फुजिनॉन एम४२ लेन्सच्या पाठीला एक बारीक दात असतो, तो अ‍ॅडॉप्टरला टेकला की लेन्स पूर्ण बसत नाही. कॅनन एफडीला अ‍ॅडॉप्टरवरची रिंग ‘लॉक’कडे फिरवावी लागते, नाहीतर लेन्स कायम उघडी राहते.

जास्त शटर स्पीडला फ्रेमचा एक भाग गडद येतो: मेनूतला इलेक्ट्रॉनिक फर्स्ट कर्टन (शटरच्या पहिल्या पडद्याचं काम सेन्सरकडून करून घेणारी सोय) बंद करा.

निकॉनच्या डीएसएलआरवर १९७७ च्या आधीची, म्हणजे एआय या नव्या जोडणीत रूपांतर न झालेली लेन्स लावू नका. पुष्कळ मॉडेलांत मीटरिंगचा बारीक दांडा तुटू शकतो. फुल फ्रेम डीएसएलआरवर मागचा भाग बाहेर आलेली लेन्स असेल तर आरसा तिला धडकू शकतो. पहिले फोटो जवळच्या फोकसवर काढा आणि एकेक करत इन्फिनिटीकडे जा. आरसा अडकलाच तर रिंग जवळच्या बाजूला फिरवा, सुटतो.

लेन्स उघडावीच लागली तर

अ‍ॅडॉप्टर बरोबर, काच स्वच्छ, तरी एकच लेन्स इन्फिनिटी गाठत नसेल तर ती कोणीतरी आधी उघडलेली असण्याची शक्यता दाट. हेलिकॉइडच्या (फोकस करताना काचा पुढेमागे नेणाऱ्या स्क्रूसारख्या नळीच्या) धाग्याला अनेक तोंडं असतात. चुकीच्या तोंडातून बसवला तर रिंग गुळगुळीत फिरते, पण इन्फिनिटी कधीच येत नाही. स्वतः उघडत असाल तर दोन्ही भाग ज्या क्षणी वेगळे होतात ती जागा टोकदार वस्तूने दोन्हींवर खुणावून ठेवा आणि फोटोही काढा. नंतर आठवेल असं वाटतं, पण आठवत नाही.

बऱ्याच वेळा मात्र तितकं खोल जावं लागत नाही. पुष्कळ लेन्समध्ये फोकस रिंगच्या रबराखाली तीन बारीक स्क्रू असतात. रबर लाकडी काडीने उचलून काढा. रात्री ट्रायपॉडवर लेन्स लावून तीन स्क्रू सैल करा, काढू नका. आतला भाग फिरवून तारा सगळ्यात लहान ठिपका होईल तिथे आणा, तो हलणार नाही याची काळजी घेत बाहेरची रिंग एकटी फिरवून इन्फिनिटीच्या टोकाला न्या आणि तिन्ही स्क्रू थोडे थोडे, आळीपाळीने आवळा. पुन्हा एकदा तारा बघा. आवळताना रिंग किंचित सरकते, त्यामुळे पहिल्या खेपेला बहुधा जमत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या खेपेला जमतं. जमलं की रबर परत चढवा.